मागच्या सीटवरची ड्रायव्हर

मंगळवार, ४ नोव्हेंबर

कंडक्टरीणबाई,

सप्रेम वगैरे काही नाही. नुसता नमस्कार, तोही रीत म्हणून.

राग गेला म्हणून लिहितेय असं समजू नका. राग आहे तिथेच आहे, रोज झाडूनपुसून ठेवते मी त्याला. हे पत्र म्हणजे गृहपाठ आहे. ज्यांचे डोळे गेलेत किंवा जाताहेत अशांसाठी आमच्या इथे एक संस्था आहे, तिच्या केंद्रात मी जाते. तिथे मला पुठ्ठ्याची एक चौकट मिळालीय, ओळींच्या जागी खाचा कापलेली. ती कागदावर ठेवायची आणि खाचेतून लिहीत जायचं, म्हणजे ओळी एकमेकींच्या डोक्यावर चढत नाहीत. सरावासाठी कुणाला तरी खरंखुरं पत्र लिहायचं, पाकिटावर पत्ता आपल्याच हाताने घालायचा आणि पेटीत टाकायचं, असा हुकूम आहे. पत्ता तोंडपाठ हवा. सख्ख्या बहिणीचा आठवेना. लेकीच्या ऑफिसचा आठवेना. आठवला तो तुमचा! चौदा वर्षं शेवटची फेरी संपली की स्कूटरवरून तुम्हाला दाराशी सोडत होते, त्याची ही शिक्षा.

अक्षर दांडगं दिसेल. ते जाड मार्करमुळे. मी ओरडत नाहीये.

ओरडायचं ते एकदाच ओरडून घेते. माझी नजर अधू होतेय हे तुम्हाला माझ्याआधी कळलं. एका बसमध्ये इतकी वर्षं काढल्यावर कळणारच. पण कळल्यावर तुम्ही माझ्याकडे आला नाहीत, सरळ डेपोत साहेबांच्या केबिनमध्ये गेलात. मला नुसता निरोप आला, उद्यापासून ड्युटी नाही, डोळे तपासून या. त्याला आता तीन वर्षं होतील. तेवढ्या काळात तुमचा एक फोन नाही की एक फेरी नाही. झालं. ओरडून झालं.

आता नजरेचं सांगते. मधला भाग गेलाय, कडेकडेने दिसतं. माणसाकडे सरळ बघितलं की तोंडाच्या जागी धुरकट भोक. कान मात्र दिसतात, म्हणून मी हल्ली लोकांना कानांवरून ओळखते. डॉक्टर म्हणाले, करण्यासारखं काही उरलं नाही. मग मी घरी येऊन बसले. बसले म्हणजे बसलेच. आमचे हे दुकानात, लेक ऑफिसात आणि मी खिडकीशी. "आई, तू उठू नकोस," "अगं, तू राहू दे," दिवसभर एवढंच ऐकायचं. शेवटी ह्यांनीच कुठूनतरी केंद्राचा नंबर मिळवला आणि एका सकाळी दारात तिथले मास्तर उभे! ठार आंधळा माणूस, पांढरी काठी टकटकवत एकटा आलेला. आत येऊन म्हणतो, "चहा कुठे करता तुम्ही?" म्हटलं, "मी नाही करत, हात भाजतो." तर म्हणाले, "मग आज मी करतो." आणि केला हो! माझ्याच स्वयंपाकघरात मला न सापडणारी साखर त्यांनी डबे हलवून आवाजावरून शोधली. मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मी केंद्रात हजर.

तिथे काय काय शिकले ते सांगत बसले तर मार्कर संपेल. गॅसच्या बटणांवर उंचवट्याच्या टिकल्या चिकटवल्यात, कपाच्या काठाला अडकवायचं एक यंत्र मिळालंय, चहा वर आला की टीं टीं करतं. काल मी काठी घेऊन एकटी कोपऱ्यावरून ब्रेड आणला. दुकानदार माझ्याशी बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडून बोलला. मीही ओरडूनच पैसे दिले. फिटंफाट.

पण खरी बातमी पुढेच आहे. अगं, मी सायकल चालवणार आहे!

(तू म्हटलं गेलं. चुकून. मार्करचं खोडता येत नाही, तेव्हा आता तूच.)

केंद्रात जोडसायकली आहेत. एकाच सांगाड्यावर दोन सीटा, दोन हँडलं, पॅडलच्या दोन जोड्या. पुढे डोळस माणूस, त्याला पायलट म्हणतात. मागे आम्ही. आणि एकवीस डिसेंबरला, रविवारी, सगळी वरात निघणार तलावापर्यंत. आपल्या रस्त्याने! आपल्या लाइनच्या शेवटच्या स्टॉपपर्यंत! मागे एकदा लेकीने मला तिथे गाडीतून नेलं होतं, काचा लावून, सामान न्यावं तसं. मी घरी येऊन रडले. मला त्या रस्त्याने एकदा माझ्या पायांच्या जोरावर जायचंय. बाकी काही नको मला ह्या वर्षी.

घोळ एवढाच की मागचं हँडल वळत नाही. नुसतं धरायला असतं. ब्रेकही पुढच्याच्या हातात. मी, गं! मागे!

ड्रायव्हर (हो, अजूनही)


रविवार, १६ नोव्हेंबर

अगं बाई, पडले!

घाबरू नकोस. तू घाबरणारच नाहीस म्हणा. कोपर सोललंय, बाकी मी धडधाकट. पण काय मजा आली, काय सांगू तुला!

माझी पायलट म्हणजे दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांचे दात उपटते आणि सुट्टीत आम्हाला फिरवते. स्वभावाने लोणी. शाळेच्या मैदानावर आमचा सराव चालतो. कुठेही उंचसखल आलं की बाई म्हणणार, "आता थोडंसं जाणवेल हं." वळण आलं की, "अगदी दोन मिनिटं, झालंच." पहिली फेरी मारली आणि मला वारा लागला. तोंडावर, गं! तीन वर्षांनी! खिडकीशी बसून येतो तो वारा वेगळा आणि आपण कापत जातो तो वेगळा. मी मोठ्याने हसायला लागले. बाईंना वाटलं मी रडतेय, त्यांनी वेग कमी केला. मी म्हटलं, "अहो डॉक्टर, दाबा! पाय मोडले का तुमचे?"

तिथेच नजर लागली बहुतेक. त्या मैदानावर एक कुत्रं आहे. ते बाजूला भुंकलं. आता तूच सांग, सव्वीस वर्षं स्टेअरिंगवर काढलेल्या बाईचा उजवा पाय कुत्रं भुंकल्यावर काय करेल? ब्रेक! गच्च! आणि ह्या सायकलीची गंमत अशी की दोघांची पॅडलं एकाच साखळीला. माझा पाय थांबला की पुढच्याचाही थांबतो, सांगणं नाही, सवरणं नाही. डॉक्टर पुढे दाबताहेत, मी मागे रोवलेली. सायकल डुलली, झुलली आणि आम्ही दोघी धाडकन आडव्या! कुत्रं पळून गेलं. डॉक्टरबाई उठल्या त्या लंगडत माझ्याकडे आल्या आणि पहिलं वाक्य काय? "आ करा बघू." दात तपासले माझे, मैदानात! अंगाला माती, कोपरातून रक्त आणि मी आ वासून बसलेली. मास्तरांना नुसत्या आवाजावरून सगळं कळलं, ते काठीवर वाकून हसत होते.

इथपर्यंत सगळं छान. पण मग डॉक्टरबाईंचा गुडघा सुजला. महिनाभर सायकल बंद. बाकीचे पायलट आपापल्या जोडीदारांत वाटलेले. मास्तर म्हणाले, "नवीन कुणी मिळालं तर ठीक, नाहीतर एकवीसला तुम्ही टेम्पोतून या. तलावावर पाणी वाटायला माणूस हवंच आहे."

मी आणि टेम्पोत! पाणी वाटायला! आपल्या रस्त्यावर!

घरी आल्यापासून मी कुणाशी धड बोललेली नाही. लेक म्हणते, "बरंच झालं, ह्या वयात कुठे हातपाय मोडून घेतेस." ह्यांनी काही न बोलता कोपराला औषध लावलं आणि म्हणाले, "हे सगळं तुझ्या कंडक्टरिणीला लिही." मी म्हटलं, कशाला? तर म्हणे, गृहपाठ. म्हणून लिहितेय. दुसरा काही अर्थ काढू नकोस.

पायलटला काय लागतं विचारशील तर फारसं काही नाही. सायकल यायला हवी, पायांत दम हवा आणि मागच्या माणसाचं वजन सोसायची तयारी. बुधवारी संध्याकाळी सहाला आणि रविवारी सकाळी सराव असतो. मैदान तुला ठाऊकच आहे, आपल्या पाण्याच्या टाकीच्या स्टॉपसमोरचं.

उगीच माहिती म्हणून लिहिलं.

ड्रायव्हर


रविवार, ३० नोव्हेंबर

कंडक्टरीणबाई,

उत्तर नाही तुझं. नको देऊस. माझ्याकडे तुझ्या उत्तराची वाट बघायला वेळच नाही, कारण मला नवी पायलट मिळाली!

बुधवारी मैदानावर गेले तर मास्तर म्हणतात, "ह्या नवीन बाई. मदतनीस म्हणून नाव घातलंय. पण ह्यांचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला सक्त मनाई केलीय. सांभाळून घ्या." मी हात पुढे केला. तिने तो धरला, जोरात दाबला आणि चटकन सोडून दिला. तोंडातून ब्र नाही. म्हटलं, बिचारी.

तर ही बिचारी कशी आहे ते तुला सांगते. अंगाने भरलेली. पॅडल मारते ती मसाला कुटल्यासारखी. सायकल चालवायचं सुटून बरीच वर्षं झाली असावीत, कारण पहिल्या फेरीला आम्ही सरळ रेषेत गेलोच नाही. मी मागून म्हटलं, "बाई, रस्ता रुंद आहे, सगळाच वापरायला हवा असं नाही." तिची पाठ थरथरली. वास येत होता लवंगेचा. घशासाठी चघळत असेल. हुशार आहे.

आणि खरी हुशारी पुढे ऐक. बोलता येत नाही तर मागच्याला कळवायचं कसं? तर बाईने सायकलच्या घंटीची युक्ती काढली. थांबायचं असलं की एक घंटी. निघायचं असलं की दोन. टिंग, थांब. टिंग टिंग, चल. कुणी सांगितलं नाही, शिकवलं नाही, पहिल्याच फेरीला आपोआप! मी म्हटलं, "वा! स्वतःच्या डोक्यातून काढलं का हो हे?" तिने मान हलवली असावी, मला काय दिसतंय!

एक कबूल करते. त्या दोन घंट्यांवर माझे पाय असे काही सुटले की मलाच कळलं नाही. कुत्रं दोनदा भुंकलं, पण माझा पाय ब्रेकला गेला नाही. चौदा वर्षं मी मागे न बघता बस हलवत होते ती त्याच आवाजावर. दोन घंट्या आल्या की समजायचं, म्हातारी चढली, पोर आत आलं, दार मोकळं झालं, चल. एकदाही खोटी निघाली नाही ती घंटी. असो. ते वेगळं प्रकरण.

आज आम्ही दहा फेऱ्या मारल्या आणि एकदाही पडलो नाही. घरी आले ती गाणं म्हणत. लेक म्हणाली, "आई, तुला झालंय काय?" ह्यांना मी पायलटचं वर्णन सांगितलं. लवंग, घंटी, सगळं. हे गालातल्या गालात हसत होते. म्हणजे, हसत असावेत. सगळे हल्ली असावेतच असतात माझ्यासाठी.

ता. क. तुझा घसा कसा आहे? थंडी पडलीय, म्हणून विचारलं.


सोमवार, ८ डिसेंबर

कंडक्टरीणबाई,

मी एक वाईट बाई आहे. आज तुला सांगूनच टाकते, कारण मजा एकटीने खाल्ली तर पचत नाही.

पायलट मुकी म्हटल्यावर बोलायचं काम मागच्या सीटवर आलं. काल मी तिला गोष्टी सांगायला घेतल्या. कुणाच्या? माझ्या जुन्या कंडक्टरिणीच्या! म्हटलं, "अहो, आवाज काय होता तिचा! 'पुढे सरका' म्हणाली की बसमधलेच नाही, रस्त्यावरचे लोकसुद्धा पुढे सरकायचे." पाठ थरथरली. म्हटलं, "एकदा तिने एका माणसाला दोनदा तिकीट दिलं, तो बिचारा भीतीने दोन्ही घेऊन उतरला." पाठ गदगदली. म्हटलं, "आणि खायला अशी, की डबा माझा आणि झाकण तेवढं मला." ह्यावर पुढून एक आवाज आला, फुर्रर्र. मी विचारलं, "खोकला का हो?" तर बाई जोरजोरात खोकायला लागली. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. पाठसुद्धा बोलते गं माणसाची! मला तोंड दिसत नाही, पण पाठ एवढी बोलकी असते हे आधी माहीत नव्हतं.

मग मी थांबायला हवं होतं. माझी जीभ तुला माहीत आहे.

मी म्हटलं, "ज्या दिवशी मला काढलं ना, त्या दिवशी मी डेपोतून बाहेर आले तर ती बसच्या दारात उभी होती. तिकिटाचं मशीन गळ्यात. तेव्हा मला दिसत होतं अजून, बऱ्यापैकी. मला वाटलं, आता येईल, काहीतरी बोलेल. शिवी दिली असती तरी चाललं असतं. तिने तोंड फिरवलं आणि आत चढली. नव्या ड्रायव्हरला दोन घंट्या दिल्या. बस गेली. मी तिथेच उभी होते."

पॅडल थांबलं. माझं नाही, पुढचं. साखळी एकच, त्यामुळे माझेही पाय थांबले. सायकल हळूहळू मंदावली आणि आम्ही दोघींनी एकेक पाय टेकवला. मैदानाच्या मधोमध. पुढची पाठ हलत होती, पण हसण्याने हलते तशी नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, ठेवला नाही. मला अजून राग आहे, सांगितलं ना. मग टिंग टिंग झालं आणि आम्ही निघालो.

सराव संपल्यावर मास्तर काठी टकटकवत आले. म्हणाले, "मैदानावर ठीक आहे, पण रस्त्यावर मुकी पायलट चालणार नाही. नियम आहे आपला. पुढच्याने सगळं बोलायचं. वळण, उतार, गाडी, माणूस. घंटीत ते सगळं मावत नाही. एकवीसपर्यंत घसा सुटला तर तुमची जोडी जाईल. नाहीतर टेम्पो आहेच."

मी म्हटलं, "सुटेल हो."



ड्रायव्हर


गुरुवार, १८ डिसेंबर

बास झालं आता.

मी तुला पहिल्या दिवशीच ओळखलं. हात धरलास तेव्हाच. अगं मूर्ख बाई, तिकिटं फाडून फाडून तुझ्या अंगठ्याला जो घट्टा पडलाय तो मशीन आल्यानंतरही गेला नाही, आणि तोच अंगठा तू माझ्या हातात दिलास. वर लवंग. वर घंटी! जगात दुसरी कुठली बाई सायकलवर बसून डबल बेल देईल? आणि मी कडेने बघितलं तर काय, तुझे ते सुपाएवढे कान. स्कार्फ तरी बांधायचा होतास!

मास्तरांना घसा बसल्याची थाप तू मारलीस, की दोघांनी मिळून मारली, ते मला नको सांगूस. आमच्या ह्यांनाही ठाऊक आहे, ते तर जन्मजात सामील. मी मात्र गंमत बघत बसले. म्हटलं, बघू तर, किती दिवस मूग गिळून बसते. तुला गप्प बसवणं म्हणजे पाण्याला उभं करणं. तू तीन आठवडे बसलीस! मला तुझा अभिमान वाटला आणि गळा दाबावासाही वाटला.

काल बुधवारी मी तुला सांगणार होते. तू आलीसच नाहीस. मास्तर म्हणाले, घसा जास्तच बिघडलाय. हो का! माझी जीभ तुला लागली हे कळलं मला. म्हणून हे पत्र आमचे हे स्वतः तुझ्या दाराच्या फटीतून आत टाकणार आहेत, उद्या सकाळीच.

आता नीट ऐक, कारण हे मी एकदाच लिहिणार. तू साहेबांकडे गेलीस ह्याचा मला राग नाही. होता, पण डॉक्टरांनी समोर तक्ता धरला आणि मला अक्षरं सोडाच, तक्ताच दिसला नाही, तेव्हाच तो गेला. बसमध्ये साठ माणसं असायची आपल्या. मला राग आहे तो तू मला सांगितलं नाहीस ह्याचा. चौदा वर्षं तू मला सगळं सांगितलंस. मागचं टायर बसलंय, पुढे पोलीस आहे, तुझी वेणी सुटलीय, आज तुझं तोंड का उतरलंय. आणि जेव्हा खरंच सांगायचं होतं तेव्हा तुझी दातखीळ बसली. नंतरही बसलेलीच राहिली. सायकलवर माझ्या पुढ्यात हातभर अंतरावर येऊन बसलीस, तरी सुटली नाही!

मला माफी नको. माफीचं भाषण तर मुळीच नको, मला तुझी भाषणं माहीत आहेत. रविवारी सकाळी सातला केंद्राच्या फाटकाशी ये आणि मला रस्ता सांग. एवढंच. तू बोललीस तर मी तलावापर्यंत जाईन. नाही बोललीस तर टेम्पोत बसून पाणी वाटीन आणि परत सायकलवर चढणार नाही, कारण दुसऱ्या कुणाच्या मागे मी डोळे मिटून बसूच शकत नाही. प्रयत्न करून पाहिला. त्या बिचाऱ्या डॉक्टरचा गुडघा अजून दुखतोय.

मी येणार आहे. बूटसुद्धा नवे घेतलेत.

तुझी ड्रायव्हर


रविवार, २१ डिसेंबर

अगं बये,

माझ्या मांड्या पेटल्यात, कंबर धरलीय, जेवताना हात थरथरत होता, लेक गरम पाण्याची पिशवी घेऊन मागे मागे फिरतेय आणि मी चौकट मांडून बसलेय. तू मघाशीच मला दारात सोडून गेलीस, तरी लिहितेय. आज गृहपाठ नाही. आज मला लिहिल्याशिवाय राहवत नाहीये!

सकाळी फाटकाशी तू आलीस तेव्हा तुझी चाहूल मला कळली, पण मी मुद्दाम तोंड उघडलं नाही. म्हटलं, आता पाळी तिची. मास्तर एकेका पायलटला विचारत चालले होते, "तयार?" आणि प्रत्येक जण म्हणत होता, "तयार." आपल्यापाशी आले. "तयार?" तू गप्प. मागे टेम्पोचं इंजिन घुरघुरत होतं. मला वाटलं, संपलं. आणि मास्तरांनी पुन्हा विचारायच्या आत तू घाबरून टिंग टिंग केलंस आणि सुटलीसच! मास्तर मागून ओरडताहेत, "अहो थांबा! बोलल्याशिवाय जायचं नाही!" आपण उताराला लागलेलो, मी ओरडतेय, "अगं बोल की! बोल!" आणि धाड! माझी बत्तिशी हादरली, बूड सीटवरून उडून परत खाली आलं आणि मग पुढून, तीन वर्षांनंतर, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा तुझा पहिला शब्द आला.

"खड्डा!"

खड्डा! खड्डा मागे पडल्यावर! आणि फाटकातून मास्तर, "चालेल! जा!"

मी हसत होते, रडत होते आणि पॅडलही मारत होते, एकाच वेळी. आणि मग तुझ्या तोंडाचा पट्टा जो सुटला! डावीकडे हातगाडी, उजवीकडे म्हातारबाबा, समोर पोरगी मोबाइलमध्ये घुसलीय, उतार, चढ, तुझा पदर आत घे, सिग्नल लाल, पाय टेक. पाण्याची टाकी आली तेव्हा तुझ्याकडून सवयीने गेलंच, "टाकीवाले, टाकीवाले, उतरून घ्या!" शेजारच्या जोडीतला मागचा माणूस म्हणाला, "मला हॉस्पिटलला उतरायचंय हो." मग तू अख्ख्या लाइनचे स्टॉप पुकारलेस. हॉस्पिटल. कापड गिरणी. जुना पूल. माझ्या अंगावर काटा येत होता. मला दिसत काही नव्हतं, पण गिरणीचं वळण माझ्या कमरेला आधीच कळलं आणि मी तुझ्याबरोबर बरोब्बर झुकले. त्या शेवटच्या चढावर तू म्हणालीस, "ड्रायव्हर, जोर लाव, मेले मी," आणि मी असा जोर लावला की आपण दोन जोड्या मागे टाकल्या! टाकल्या ना? की मला बरं वाटावं म्हणून म्हणालीस?

तलावावर आपण त्या ओल्या बाकावर बसलो तेव्हा तू जे बोललीस ते मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. तू म्हणालीस, "तुला सांगितलं असतं तर तू हसून उडवलं असतंस आणि मी तुझं ऐकलं असतं. मी नेहमीच तुझं ऐकत आले. मला तुझी नाही, माझी भीती वाटली." मी विचारलं, "आणि नंतर? तीन वर्षं?" तर म्हणालीस, "तू दार उघडशील, माझ्याकडे बघशील आणि मी तुला दिसणार नाही. ते मला बघवलं नसतं." आणि मग त्या दणदणीत आवाजात अशी रडलीस की लांबून मास्तर विचारायला लागले, घसा कुणाचा सुटला हो?

मी तेव्हा काहीतरी कानांवरून थट्टा केली आणि वेळ मारून नेली. तोंडावर बोलले असते तर मीही तशीच रडले असते, म्हणून आता लिहितेय. बरं केलंस तू, साहेबांकडे गेलीस. खरंच बरं केलंस. पण आधी मला सांगायला हवं होतंस. ही दोन्ही वाक्यं मी मरेपर्यंत म्हणत राहणार, एकामागून एक. सवय करून घे.

बुधवारी सहाला मैदानावर ये. मास्तरांनी पुढच्या महिन्यात पुलापलीकडे जायचं ठरवलंय. आणि एक लक्षात ठेव, माझं बूड आता पन्नाशी ओलांडलेलं आहे. ह्यापुढे खड्डा यायच्या आधी सांगायचं.

तुझी,
मागच्या सीटवरची